पोस्ट : एका शब्दाचे मुक्काम

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर निवृत्तिवेतनाचे कागद येऊन पडले. केंद्र सरकारच्या लेखा खात्यात तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला फॉर्म भरणे काही नवे नाही. नाव, जन्मतारीख, पद, वेतनश्रेणी हे रकाने हात आपोआप भरीत गेला. 'कायमचा पत्ता' या रकान्यातही त्याच हाताने गावाचे नाव लिहिले. आणि त्याच्या आधी, महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेला कोणीही इंग्रजीत पत्ता लिहिताना घालतो त्याप्रमाणे 'ए/पी' ही दोन अक्षरे घातली. कागद तपासणारा आमचा तरुण सहकारी मंड्याकडचा आहे. त्याने चष्मा वर सारून विचारले, "सर, आपण महाराष्ट्रातले ना? मग हे आंध्र प्रदेश कुठून आले?"

मी हसलो आणि सांगू लागलो की ए/पी म्हणजे 'ॲट पोस्ट', आणि ते आमच्या 'मु. पो.'चे ओढूनताणून केलेले इंग्रजी. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट. "पोस्ट कळले," तो म्हणाला, "पण मुक्काम म्हणजे?" सरकारी कचेरीत या शब्दाला एकच प्रतिशब्द सुचतो. मी म्हटले, "कॅम्प." त्यावर तो क्षणभर थांबला आणि अत्यंत विनयाने म्हणाला, "म्हणजे सर, कायमच्या पत्त्यात आपण असे लिहिता, की गावी आपला कॅम्प आहे?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. फॉर्म तसाच बाजूला ठेवला आणि गेले काही रविवार जुने कोश नि इतिहासाची पुस्तके चाळण्यात घालवले. मी भाषाशास्त्राचा पंडित नव्हे, बी. ए.ला इतिहास विषय होता, एवढेच माझे भांडवल. परंतु 'पोस्ट' हा शब्द आपल्या घरात इतका रुळलेला, की पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला म्हणावे. त्याचे कूळ आपण कधी विचारले नाही. ते विचारण्याजोगे आहे, विशेषतः तुमच्या-माझ्यासारख्यांनी.

इंग्रजीत 'पोस्ट' एक नाही, दिसायला सारखे असे चौघे आहेत. पहिला पोस्ट म्हणजे खांब. हा लॅटिन 'पोस्टिस'चा, दाराच्या चौकटीच्या बाहीचा वंशज. दिव्याचा खांब, फुटबॉलच्या गोलाचा खांब, शर्यतीच्या शेवटी रोवलेला खांब, ही सारी त्याची मुलेबाळे. निवडणुकीत ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या आपल्याकडील पद्धतीला इंग्रजीत 'फर्स्ट पास्ट द पोस्ट' म्हणतात, ते या शर्यतीच्या खांबावरून. ठार बहिऱ्या माणसाला इंग्रज 'पोस्टासारखा बहिरा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात टपाल कचेरी नसते, लाकडी खांब असतो. (कचेरीत तक्रार घेऊन गेलेल्यास दुसरा अर्थही पटेल, ही गोष्ट वेगळी.) कचेऱ्यांचे हेलपाटे घालणे याला 'पिलरपासून पोस्टापर्यंत' हिंडणे म्हणतात. गंमत अशी, की पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी हा वाक्प्रचार उलटा होता. तेव्हा माणूस पोस्टापासून पिलरपर्यंत हिंडे. हेलपाट्यांचा क्रम बदलला, हेलपाटे काही चुकले नाहीत.

दुसरा पोस्ट म्हणजे 'नंतर' अशा अर्थाचा लॅटिन उपसर्ग. पोस्टमॉर्टेम, पोस्टग्रॅज्युएट, पुढली तारीख घातलेला पोस्टडेटेड चेक, हे सारे याचे. आमच्या गावातील एका आजीबाईंची अशी पक्की समजूत होती, की पोस्टग्रॅज्युएट म्हणजे पोस्टात चिकटलेला ग्रॅज्युएट. त्या काळी ती अगदीच चूक होती असेही म्हणवत नाही. पत्र संपल्यावर आठवलेली गोष्ट लिहिण्याआधी इंग्रज 'पी. एस.' घालतो, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट. आपण तेथे 'ता. क.' लिहितो, ताजा कलम. इंग्रजी शब्द सांगतो, हे मागाहून लिहिले. आपला शब्द सांगतो, हे ताजे आहे. एकाच जागेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत आणि मला आपली अधिक आवडते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, आंतर्देशीय पत्राच्या तिन्ही बाजू पाऊसपाणी नि आप्तेष्टांच्या खुशालीने भरीत, आणि खरी हकीकत घडीवरच्या अरुंद पट्टीत उभी लिहीत : 'ता. क. विहिरीने तळ गाठला आहे. पैशाची घाई नाही.' घाई नाही असे लिहिले म्हणजे आहे, हे समजण्याइतके शहाणपण पहिल्या दोन वर्षांत मला आले होते.

उरलेले दोन पोस्ट हे सख्खे भाऊ. एक टपालाचा आणि दुसरा नेमणुकीचा. दोघांचेही मूळ लॅटिनमधील 'ठेवणे' या अर्थाच्या धातूत आहे. 'ठेवलेली' ती इटालियनमध्ये 'पोस्ता' झाली, 'ठेवलेले' ते 'पोस्तो' झाले. पहिल्यापासून टपाल आले, दुसऱ्यापासून सैनिकाची जागा, आणि पुढे कारकुनाची. पोझिशन, डिपॉझिट, इतकेच काय, शेतातले कंपोस्ट खतही याच धातूचे. ज्याने पोस्टात डिपॉझिट ठेवले, त्याने 'ठेवल्या जागी ठेव ठेवली', असे व्युत्पत्तीने म्हणता येईल.

परंतु पत्र ही तर जाणारी वस्तू. तिला 'ठेवलेले' हे नाव का पडावे? याचे कारण असे, की एकच माणूस, एकच घोडा लांब पल्ला सारख्या वेगाने कापू शकत नाही. म्हणून वाटेवर ठराविक अंतराने माणसे आणि घोडी ठेवून दिलेली असत. आलेल्या स्वाराने थैली द्यावी, तिष्ठत असलेल्याने ती घेऊन सुटावे. या 'ठेवलेल्या' ठिकाणांना पोस्ट म्हणू लागले. मग त्या ठिकाणांवरून धावणाऱ्या स्वाराला, मग त्याच्या थैलीला, आणि अखेर थैलीतल्या पत्राला. सोळाव्या शतकातील इंग्रज तातडीच्या पत्रावर 'हेस्ट, पोस्ट, हेस्ट' असे लिहीत. म्हणजे 'धाव रे स्वारा, धाव'. 'पोस्ट-हेस्ट' हा वाक्प्रचार त्याचाच अवशेष. थोडक्यात, पत्र धावते याचे कारण कोणीतरी आपल्या जागी उभा असतो. शब्दाने उभ्या माणसाचे नाव घेतले आणि धावत्या पत्राला दिले.

बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राजवळ किंवा येथे बंगळुरात लष्करी वस्तीत राहिलेल्या मंडळींनी 'लास्ट पोस्ट' हे बिगुल ऐकले असेल. आज ते हुतात्म्यांना मानवंदना देताना वाजते. मुळात त्याचा अर्थ साधा होता : रात्रीच्या फेरीवरील अधिकाऱ्याने पहाऱ्याची शेवटची चौकी तपासली, दिवस संपला.

आता चौकी हा शब्द निघालाच आहे तर आपल्या बाजूस येऊ. इंग्रजाला जी युक्ती सुचली ती आपल्याकडेही होती, आणि भाषेनेही तसाच मार्ग धरला होता. पहाऱ्याची ती चौकी आणि डाक बदलण्याची तीही डाकचौकी. एकच शब्द, थांबलेल्या शिपायाला आणि धावत्या पत्राला. 'डाक' म्हणजेही आरंभी पत्र नव्हे, तर वाटेवर बसवलेली माणसांची नि घोड्यांची साखळी; डाकबंगला म्हणजे पत्रांचा बंगला नव्हे, साखळीतल्या प्रवाशाचा थांबा. मराठी राज्यात जासूद, हरकारे आणि सांडणीस्वार हे काम करीत. सावकारांची स्वतंत्र डाक असे आणि ती कधी कधी सरकारी डाकेच्या पुढे धावे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतची वार्ता माळव्याच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली, ती एका सावकाराच्या सांकेतिक पत्रावरून, हे शाळेत आपण सर्वांनी वाचले आहे. ते पत्र नेणाऱ्या माणसाचे नाव इतिहासाने ठेवले नाही.

मराठीने मात्र 'डाक'पेक्षा 'टपाल' जवळ केला. हा शब्द मोठा विलक्षण आहे. हिंदी मुलखात तो फारसा नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, तमिळ अशा पश्चिम-दक्षिणेच्या भाषांत मात्र सर्वत्र. भारतातील इंग्रजांच्या बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला, त्याने या शब्दाचे मूळ अंधुक असल्याचा शेरा मारून विद्वानांची मते दिली आहेत. तेलुगूचे कोशकार ब्राउन यांना त्याचे नाते फ्रेंच 'एताप'शी, म्हणजे सैन्याच्या मजलेशी, वाटले. बीम्स यांनी ठप्पा मारण्याची जागा, असा देशी अर्थ लावला. मी यात पडणार नाही. पण मराठी माणसाच्या कानाला 'टपाल' ऐकताच 'टप्पा' आठवतो, आणि टप्पा म्हणजे मजल, मधला थांबा. ही व्युत्पत्ती खरी असेल वा नसेल. पण ती खरी ठरली, तर इंग्रजीतला पोस्ट आणि आपले टपाल हे एकाच वाटेवरचे प्रवासी ठरतील.

या शब्दाने मला एकदा फार धीर दिला. बंगळुरात रुजू झालो तो पहिला दिवस. कन्नडचा गंध नाही, इंग्रजी चाचरत. दुपारी कचेरीचा शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सार्, टपालु." एका 'उ'काराचा काय तो फरक. आठ तासांत कळलेला तो पहिला देशी शब्द. कर्नाटकातील कचेऱ्यांत आवक-जावक पाहणाऱ्या शाखेला टपाल शाखा म्हणतात, हे नंतर समजले. परंतु त्याच संध्याकाळी खुशालीचे पत्र टाकायला राजभवनाजवळच्या मोठ्या पोस्टात गेलो, तर तेथे टपाल नव्हते. पाटीवर कन्नडमध्ये लिहिले होते 'अंचे'.

या 'अंचे'चा इतिहास मात्र आपल्याशी निगडित आहे. म्हैसूरच्या गादीवर १६७३ ते १७०४ चिक्कदेवराज वोडेयर होता. त्याने आपल्या राज्यात अंचे नावाची नियमित डाक बसवली. म्हैसूरचा इतिहास लिहिणारा मार्क विल्क्स नमूद करतो, की ही डाक बातमी पोचवण्याइतकीच बातमी काढण्याच्याही कामी येत असे; म्हणजे डाकेचा माणूस तोच हेर. राज्यकर्ते बदलले, तरी अंचे चालत राहिली, आणि १८८९ साली ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्यात विलीन झाली. खाते गेले, शब्द उरला. आज बंगळुरातल्या प्रत्येक पोस्टाच्या दारावर तो आहे.

आता हे बंगळूर चिक्कदेवराजाकडे आले कोठून? १६३८ साली विजापूरच्या फौजा रणदुल्लाखानाच्या हाताखाली येथे आल्या. त्यांत शहाजीराजे होते. केंपेगौडाच्या वंशजाकडून शहर घेतले आणि आदिलशहाने ते शहाजीराजांना जहागिरीत दिले. पुण्याची जहागीर असलेल्या माणसाला शेकडो मैल दूर दक्षिणेत बसवले. आमच्या भाषेत सांगायचे तर हे त्यांचे 'पोस्टिंग'. त्यांनी येथून कारभार केला, पुढे व्यंकोजीराजांकडे हा मुलूख आला, मग त्यांचे लक्ष तंजावराकडे गेले. १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि लवकरच ते चिक्कदेवराजाच्या हाती गेले. सौदा तीन लाखांचा होता, असे सांगतात. १६३८ ते १६८७. भोसले घराण्याचा बंगळुरातील मुक्काम पन्नास वर्षांना एक कमी भरतो. आपल्या मंडळाने तेवढी वर्षे ओलांडली, हे या अंकात नोंदवून ठेवायला हरकत नसावी.

येथे एक आडवळण घेतो. मुंबईच्या बोरीबंदराजवळील जनरल पोस्ट ऑफिस आपण सर्वांनी पाहिले आहे. जॉन बेग या वास्तुविशारदाची ती इमारत १९१३ साली पुरी झाली. तिच्या मधल्या प्रचंड घुमटाखाली उभे राहून वर पाहिले म्हणजे मान दुखते. तो घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या नमुन्यावर बांधलेला आहे. आणि गोलघुमटाखाली कोण निजला आहे? महंमद आदिलशहा, ज्याने शहाजीराजांना बंगळुरास धाडले तोच. आमच्या पिढीपर्यंत कोकणातून, देशावरून मुंबईत आलेला चाकरमानी त्या घुमटाखालच्या खिडकीशी रांग लावून गावी मनीऑर्डर करीत असे. माझे चुलते त्यांतले एक. आपल्या डोक्यावर विजापूर आहे हे त्यांना ठाऊक नव्हते; मलाही नव्हते.

मनीऑर्डरीचा विषय निघाला म्हणजे हात आवरत नाही. १८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत अंतर कितीही असो, वजनावर हंशील अशी पद्धत देशभर सुरू झाली. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा. त्याआधी जितके दूर तितके महाग, म्हणजे ज्याला पत्राची गरज अधिक त्यालाच भुर्दंड. १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले आणि १८८० मध्ये पोस्टाने मनीऑर्डर हाती घेतली. या दोन गोष्टींनी महाराष्ट्रातील खेडे जितके बदलले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने बदलले असेल. रत्नागिरीकडची कित्येक घरे मनीऑर्डरीवर उभी आहेत, असे म्हणत, त्यात अतिशयोक्ती नव्हती. पैशाबरोबर चार ओळी लिहिण्यापुरता एक चिठोरा फॉर्मला जोडलेला असे. पोस्टमन अंगठा घेई, पैसे मोजून देई आणि त्या चार ओळी वाचून दाखवी. त्यामुळे नवऱ्याचे बायकोस लिहिलेले शब्द ती प्रथम पोस्टमनाच्या तोंडून ऐके. कागदी फॉर्म गावोगाव हिंडवणारी ती मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. त्याच्या दोन वर्षे आधी, जुलै २०१३ मध्ये, तारही थांबली होती. तार आली म्हणजे वाचण्यापूर्वीच रडू फुटे. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की ते घरात न नेता बाहेरच वाचून फाडीत. कोपऱ्यांना हळदकुंकू असले की देवापुढे ठेवीत. पोस्टखात्याच्या कोणत्याही नियमपुस्तकात हे नियम नव्हते, पण एकही चुकलेला मी पाहिला नाही.

मराठीने या शब्दाचे काय केले, हे आता पाहू; कारण माझ्या मते खरी करामत येथे आहे. इंग्रजाने चारही अर्थांना एकच ध्वनी दिला आणि गोंधळ वाचकावर सोपवला. मराठीने तो लिंगाने सोडवला. कचेरी ती नपुंसकलिंगी : ते पोस्ट, आमचे पोस्ट. नोकरीची जागा ती स्त्रीलिंगी : ती पोस्ट, वरची पोस्ट. म्हणून 'पोस्ट रिकामे आहे' असे कोणी सांगितले तर छत्री घेऊन निघावे, गर्दी नाही. आणि 'पोस्ट रिकामी आहे' असे सांगितले तर अर्ज घेऊन निघावे. कोणत्या व्याकरणकाराने हा निवाडा दिला? कोणीच नाही. 'जागा' स्त्रीलिंगी म्हणून तिच्या मागून पोस्ट गेली, 'ऑफिस' नपुंसकलिंगी म्हणून त्याच्या मागून दुसरे. निरक्षर माणूसही यात चुकत नाही. बंगळुरात जन्मलेली आपली मुले मात्र कधीकधी चुकतात. माझा मुलगा फोनवर "बाबा, मी एक पोस्ट टाकली" असे म्हणतो, तेव्हा ती स्त्रीलिंगीच असते. पण तिला ना तिकीट, ना पेटी. तरी क्रियापद पहा, 'टाकणे'च राहिले. पत्र पेटीत टाकीत असू ते हेच टाकणे, हे त्याला सांगितले तेव्हा त्याला नवल वाटले.

आम्हां लेखा खात्यातल्यांचा आणखी एक पोस्ट आहे. रोजकीर्दीतील नोंद उचलून खातेवहीत तिच्या जागी बसवणे, याला इंग्रजीत 'पोस्टिंग' म्हणतात. आपल्या जुन्या दिवाणजींचा शब्द आहे खतावणी. 'कीप मी पोस्टेड', म्हणजे मला कळवीत राहा, हा वाक्प्रचार टपालावरून आला असे मी नोकरीभर समजत होतो. कोशकार सांगतात, तो वह्यांवरून आला. ज्याची खतावणी आजच्या तारखेपर्यंत झाली आहे तो 'पोस्टेड'. सरकारी नोकराचे जीवनच असे आहे. तो एका कचेरीच्या रोजकीर्दीतून उचलला जातो आणि दुसऱ्या गावच्या खात्यावर टाकला जातो. माझी नागपूर, हैदराबाद, पुन्हा बंगळूर अशी खतावणी झाली. बाकी शिल्लक राहिली ती येथे.

पत्त्याचा शेवटचा भाग म्हणजे पिन. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा आकडी क्रमांकाचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. मराठी माणूस, केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातील अधिकारी, आणि संस्कृतात काव्य-नाटके लिहिणारा कवी. एकाच नावाची गावे शेकड्यांनी, लिप्या निरनिराळ्या, अक्षर दिव्य. यावर त्यांनी असा तोडगा काढला, की गावाला नावाखेरीज एक आकडा असावा, तो सर्वांना वाचता यावा. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र चारात पडला, कर्नाटक पाचात. पुण्याचे ४११, मुंबईचे ४००, बेळगावचे ५९० आणि आपल्या बंगळूरचे ५६०. घर आणि नोकरी यांत पहिल्या आकड्यापुरते पाहिले तर अंतर केवळ एकाचे. देशातील प्रत्येक लखोट्यावर एका संस्कृत कवीची सही आहे, हे मला नेहमी वाटते.

आता पुन्हा त्या फॉर्मकडे. 'मुक्काम' हा शब्द अरबीतून आला. उभे राहण्याची, थांबण्याची जागा असा त्याचा अर्थ. पोस्ट म्हणजे ठेवलेली जागा. तेव्हा 'मु. पो.' ही द्विरुक्तीच झाली. थांबा-थांबा असे आपण गावाच्या नावाआधी दोनदा म्हणतो. आजोबांच्या काळी आमच्या गावाला पोस्ट नव्हते, म्हणून त्यांच्या जुन्या लखोट्यांवर मु. एका गावचा आणि पो. नदीपलीकडच्या गावचे. पुढे शाळामास्तरांच्या ओटीवर शाखा पोस्ट आले, तेव्हा मु. आणि पो. एकत्र लिहिता आले आणि गावकऱ्यांना त्याचा अभिमान वाटला.

आबांनी मला लिहिलेली पत्रे मी ठेवली आहेत. प्रत्येकावर माझ्या नावाखाली 'मुक्काम बंगळूर' असे आहे. पहिल्या पत्रावर आहे आणि सतरा वर्षांनंतरच्या शेवटच्या पत्रावरही आहे. मध्यंतरी मी जयनगरात घर घेतले, मुलगा-मुलगी येथील शाळेत गेली, आबा दोनदा येऊन महिना-महिना राहून गेले. त्यांना मी एकदा हसत म्हटले, "आबा, आता मुक्काम कसला? घर झाले की." ते म्हणाले, "असू दे. लिहायला बरे वाटते." मी तेव्हा ते सवयीवर घातले.

केंद्र सरकारच्या नोकरास रजाप्रवास सवलतीसाठी आपले 'होम टाऊन' जाहीर करावे लागते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ते सबंध सेवेत एकदाच बदलता येते. मी ते कधीच बदलले नाही. गावी आता घराची एक भिंत उरली आहे, शाखा पोस्ट मात्र चालू आहे. सवलत घेऊन दर दोन-चार वर्षांनी जातो, तेव्हा नवे पोस्टमास्तर मला "पाहुणे, कोणीकडले?" असे विचारतात. येथे जयनगरात पोस्टमन पंधरा वर्षे तोच होता, तो माझे नाव न वाचता अक्षर पाहून पत्र दारात टाकी, आणि आबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्याने फाटकापाशी थांबून विचारले होते, "सार्, ऊरिंदा कागद बरलिल्ला?" गावाहून पत्र आले नाही का? गावाकडे त्या वेळी हे विचारणारे कोणी नव्हते.

परवा त्या तरुण सहकाऱ्याने फॉर्मची आठवण केली. मुदत जवळ आली आहे. 'ए/पी' ही अक्षरे त्याने माझ्या संमतीने खोडली, गावाचे नाव मात्र खोडले नाही, म्हणाला, "सर, ते आपण ठरवा." रकान्याच्या शेवटी पिनसाठी सहा चौकोन आहेत. ते अजून कोरे आहेत. कागद माझ्या खणात आहे आणि वर एक पेन्सिल ठेवली आहे, कारण शाई त्यांना सोमवारी हवी आहे.